ट्रेमधल्या अक्षता

माझ्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी आहे : 'वस्तू ग्राहकासमोर उघडली जाईल. उघडताना रेकॉर्डिंग होईल.' धुळ्यात दुरुस्तीवाल्यावर कोणाचा विश्वास नाही, आणि नसावाच. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की चांगला पार्ट काढून जुना बसवणारे हात मी पाहिलेत, त्यांच्याच हाताखाली शिकलोय. म्हणून पाच कंदील चौकाच्या मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मोबाइलचा स्टँड आधी घेतला आणि सोल्डरिंगचं मशीन नंतर. त्या पाटीचा मला भारी अभिमान होता. आता तिच्याकडे बघायला नको वाटतं.

स्वभावाने मी तिरसट. माझी बायको मेघा म्हणते, तुमच्याकडे माणसं वस्तू घेऊन येतात आणि बोलणी खाऊन जातात. खरं आहे. रिमोटवर वरण सांडायचं आणि 'आपोआप बंद पडला' म्हणायचं, असा माणूस समोर आला की माझं डोकं फिरतं. पण गिऱ्हाइकाला तोंडावर किती बोलणार? मग दोन वर्षांपूर्वी मी तीच रेकॉर्डिंगं कापून त्यांची रील टाकायला लागलो. मिक्सरमध्ये सापडलेली झुरळं, स्पीकरात संसार मांडलेली पाल, चार्जिंगच्या भोकात अडकलेली आगपेटीची काडी. वर माझी बडबड. चेहरा कोणाचा दाखवायचो नाही. तेवढी अक्कल आपल्याला आहे, असं मला वाटायचं.

वच्छलाबाई आल्या त्या गणपती बसून उठल्यानंतरच्या आठवड्यात. साठीची बाई, सोनगीरची. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात नीट गुंडाळलेला काळा चौकोनी डबा. टॉवेलाचं एक टोक सुटलं आणि मी ओळखलं. पीएस टू, तोही पहिला, जाडा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गल्लोगल्ली कोणाच्या तरी ओसरीत हा टीव्हीला जोडलेला असायचा आणि पोरं पैसे देऊन अर्ध्या अर्ध्या तासाच्या बोलीवर खेळायची. आमच्याकडे त्याला कोणी दुसरं नाव दिलंच नाही. गेम म्हणायचे.

"भाऊ, आठे हाऊ गेमना डबा दुरुस्त व्हस का?"

दुकानात मी शुद्ध बोलतो. घरी आमचीही अहिराणीच, पण काउंटरमागे उभा राहिलो की जिभेला आपोआप इस्त्री होते.

"होईल, अक्का. काय झालंय त्याला?"

"चकती फिरस, पन टीव्हीवर काहीच येत नही. मांगना दसराले बंद पडना. या दसराले चालना पाहिजे, भाऊ. तितलंच काम शे मन्हं."

"दसऱ्यालाच कशाला?"

"आमना घरमा रीत शे. ज्या वस्तूवर पोट भरं, तिनी दसराले पूजा करानी. आन् पूजा व्हयनी का ती एक डाव चालू करी देखानी."

मी स्टँडवर मोबाइल लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. डबा उलटा करून रबराच्या बुचांखालचे स्क्रू काढले, सरळ केला आणि झाकण उचललं.

आत लाल आणि पिवळं दिसलं. पंख्याच्या पात्यांवर लाल थर, वायरींच्या चपट्या पट्ट्यांवर पिवळा थर. डिस्क आत घेणारा ट्रे असतो, त्याचं झाकण काढलं तर ज्या दोन दांड्यांवर लेन्स मागेपुढे सरकते, त्या दांड्यांवरच्या ग्रीसमध्ये हळद आणि कुंकू मिसळून त्याचा लगदा झालेला. कोपऱ्यात मुंग्या मरून वाळलेल्या. आपट्याच्या पानाचा तुकडा. आणि तांदूळ.

"अक्का, हे काय आहे?"

वच्छलाबाई पुढे वाकल्या. त्यांना त्यात विशेष काही दिसलं नाही.

"दरसाल हळदकुंकू लावस ना त्याले. बटन दाबं का तोंड उघडस तो. मंग त्यामा अक्षता ठेवस, चिमटीभर साखर ठेवस, आन् पुन्हा बटन दाबस. तो मजारमा लई लेस. थोडा टाइम ऱ्हाऊ देस, मंग बाहेर काढीसन पदरवरी पुसी लेस." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यानावर तर आमनं घर चालनं, भाऊ. मालक सुरतहून लई येल व्हतात. मंग त्यास्नी कंबर गयी, ते आथरुनवर पडनात. तवय मी हाऊ ओसरीमा मांडा. माले काय खेळता येस? पन पोरं येत. दोन्ही पोरी यानावरच शिकन्यात. एक आज नर्स शे."

मी हसलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. ती बाई समोर बसली होती तोवर माझा चेहरा इतका सरळ होता की मलाच माझं कौतुक वाटलं. "ठेवून जा, बघतो," म्हणालो आणि नंबर लिहून घेतला. वच्छलाबाईंनी उघड्या डब्याकडे पाहून टॉवेलाची घडी घातली, ती माझ्याकडे दिली आणि "यामाच गुंडाळी ठेवजो" असं सांगून बसस्टँडकडे गेल्या.

गिऱ्हाईक नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. मी मोबाइल हातात घेतला आणि कापायला बसलो.

झाकण उचलल्याचा क्षण ठेवला. लाल-पिवळ्या पंख्याजवळ कॅमेरा नेऊन नवीन चित्रं घेतली. वच्छलाबाईंचा आवाज ठेवला : 'दरसाल हळदकुंकू लावस ना त्याले' पासून 'तो मजारमा लई लेस' पर्यंत. 'लई लेस' वर थांबवून ट्रे दोनदा आतबाहेर केला. आणि त्यानंतरचं, ते घर चालनं, मालकाची कंबर, दोन्ही पोरी, हे सगळं काढून टाकलं. लांब होत होतं. रील लांब झालं की लोक पुढे सरकतात. मग मी माझा आवाज घातला : "मंडळी, आजवर तुम्ही देवाला नैवेद्य दाखवला असेल, पण आमच्या खान्देशात गेमला पण दाखवतात!" आणि हसलो. पहिलं हसणं नीट आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा हसलो. दुसरं चांगलं आलं.

याला आता काय म्हणावं ते मी शोधत बसत नाही. मी ते ऐकलं होतं. मला माहीत होतं. मी कापलं.

रील चाललं. माझी बाकीची रीलं सगळी मिळून चालली नसतील तेवढं ते एकटं चाललं. दुसऱ्या दिवशी चहावाला म्हणाला, "भूषणभाऊ, तुमी तं फेमस!" साक्रीकडच्या एका माणसाने फोन करून मिक्सर आणू का विचारलं. कोणीतरी त्याच रीलवर बँडचं संगीत चढवून ते पुन्हा टाकलं. खाली लोकांनी 'अशिक्षित', 'अंधश्रद्धा', 'आजीचा गेम झाला' असं काय काय लिहिलं होतं आणि मी त्यातल्या बऱ्याच जणांना हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मेघाने ते स्वयंपाक करता करता पाहिलं. हसली नाही. "ही बाई बोलताना मधेच गप का झाली?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "झाली असेल." तिने मोबाइल परत दिला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज, शुद्ध, नोकरीतला.

"तुम्ही भूषण का? मी दीपमाला बोलतेय, भुसावळहून. ते गेमचं रील तुमचंच ना?"

मला वाटलं, कौतुकाचा फोन. "हो, बोला ना मॅडम."

"ती माझी आई आहे."

मी खुर्चीवरून उठलो. का उठलो कोण जाणे, ती काही समोर नव्हती.

"आमच्या वॉर्डच्या ग्रुपवर आलं होतं," ती म्हणाली. "ड्युटीवर होते, म्हणून आवाज बंद करून पाहिलं. खूप हसले मी. हसण्याची तीन चिन्हं टाकली. डबा ओळखला नाही मी, उघडा कधी पाहिलाच नव्हता. दुपारी जेवताना एका सिस्टरने आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा कळलं."

"मॅडम, मला खरंच..."

"थांबा. मी तेव्हा काही बोलले नाही. ही माझी आई, असं सांगितलं नाही. सगळ्या हसत होत्या तर मी पण हसले. तुमचा राग आला, पण तुमचा नंतर आला." मागे कोणाचं तरी स्टूल सरकवल्याचा आवाज आला. "ती पुढे बोलली असेल. आमची आई एवढ्यावर थांबत नाही. बोलली होती का?"

"हो."

"काय बोलली?"

मी सांगितलं. मालकाची कंबर सांगितली, ओसरी सांगितली, 'एक आज नर्स शे' हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभं राहून पोरं बोलतात तसा.

"काढून टाका ते," दीपमाला म्हणाली. "आणि तिला यातलं काही कळू देऊ नका. तिच्याकडे साधा फोन आहे, तिला दिसणार नाही. मी पाहिलं हे तर अजिबात सांगू नका." आणि तिने फोन ठेवला.

मी रील काढलं. एका मिनिटाचं काम. पण बँडवालं माझ्या हातात नव्हतं, आणि आणखी कुठे कुठे पाठवलं गेलं त्याला तर गणतीच नाही. काढण्याआधी शेवटचं एकदा मी ते सुरुवातीपासून पाहिलं. या वेळी डब्याकडे नाही पाहिलं, मागे पाहिलं. मागे माझं टेबल दिसत होतं. टेबलावर सोल्डरिंगचं मशीन, आणि त्याच्या निळ्या पत्र्यावर मागच्या दसऱ्याचं कुंकू. दरसाल दसऱ्याला मेघा दुकानात येते, मशीनला, मीटरला, स्क्रू ड्रायव्हरच्या पेटीला कुंकू लावते, वर झेंडूचं फूल ठेवते, आणि मी हात जोडून उभा राहतो. ते पुसायचं नसतं म्हणून वर्षभर पुसत नाही. ज्या मशीनवर कुंकू होतं त्याच्याच शेजारी बसून मी त्या बाईला हसलो होतो. माझी मला इतकी लाज वाटली की मी शटर अर्धं खाली ओढून बसलो.

मग मी तो डबा दुरुस्त केला. आजवर एवढ्या काळजीने कोणतंही काम केलं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग नाही हे हात चालत असतानाच कळत होतं.

पंखा सोडवून मऊ ब्रशने पुसला. दांड्यांवरचा लगदा लाकडी काडीने खरवडला, मग स्पिरिटने धुतला, नवं ग्रीस लावलं. लेन्सवर कापसाचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवला. जोर दिला तर ती खाली दबून कायमची जाते. बोळा गुलाबी झाला. दुसरा घेतला. पाचवा पांढरा निघाला. तरी डिस्क वाचेना. सुरू व्हायची, थोडी पुढे जायची आणि अडायची. लेन्स जिथपर्यंत सरकायला हवी तिथपर्यंत सरकतच नव्हती. शेवटी भिंग डोळ्याला लावून पाहिलं, तर लेन्स सरकवणाऱ्या पांढऱ्या चाकाच्या दोन दात्यांमध्ये एक तांदूळ बसला होता. चिमट्याने काढला. सगळे मिळून अकरा दाणे निघाले. मी ते कागदावर ओळीने ठेवले. त्यातला एकही तुटका नव्हता. अक्षतेला कणी चालत नाही, दाणा अख्खा लागतो, म्हणून दर वर्षी ती बाई ताटात तांदूळ घेऊन एकेक निवडत बसली असणार.

चाक फिरलं, लेन्स शेवटपर्यंत गेली. वच्छलाबाईंनीच आणलेली मोटारींच्या शर्यतीची डिस्क टाकली. दुकानातल्या टीव्हीवर रस्ता उमटला आणि गाड्या धावायला लागल्या. मी डबा बंद केला, टॉवेलात गुंडाळला आणि फोन केला.

"अक्का, डबा तयार आहे. दसऱ्याच्या आधी घेऊन जा."

"व्हई गया का? ऱ्हाऊ दे, भाऊ. ठी दे तठेच. कोनले लागना तर दई टाक. आते त्यानं काय काम शे?"

"अहो, पण दसऱ्याला चालू करायचा होता ना?"

"नही करानी यंदा पूजा," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

म्हणजे पोचलं होतं. कसं ते मला कळलं नाही, पण पोचलं होतं.

घरी मेघाला सगळं सांगितलं, कापलेलंही सांगितलं. वाटलं होतं चिडेल, भांडेल, निदान मोकळं तरी होता येईल. ती भांडली नाही. म्हणाली, "मग आता काय करणार?"

"पुन्हा फोन करून माफी मागतो."

"फोनवर? रीचार्ज संपलाय हे सांगायला करतात तसा?" तिने ताटात भाकरी टाकली. "चार लाख लोकांत हसलात, आणि माफी कानात सांगणार."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी डबा पिशवीत घालून गाडीला किक मारली. हायवेवर ट्रकांना झेंडूच्या माळा, नंबरप्लेटवर कुंकवाची बोटं. सोनगीरमध्ये शिरलो तर गल्लीत गाड्या धुऊन उभ्या, ट्रॅक्टरच्या बोनेटवर स्वस्तिक, एकाने तर फवारणीच्या पंपालाही हार घातला होता. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत वच्छलाबाईंचं घर विचारलं. "कोन, शिलाईवाली वच्छलामाय?" म्हणून एका बाईने बोट दाखवलं.

ओसरीत शिलाई मशीन होतं. गेम बंद पडल्यावर त्यांचं पोट त्यावरच असणार. मशीनवर कव्हर टाकलेलं. फूल नाही, कुंकवाचं बोट नाही. आत शेगडी दिसत होती, ती नुसती घासून ठेवलेली. दाराला मात्र तोरण होतं, दारात रांगोळी होती. बाहेरून जाणाऱ्याला दसरा दिसत होता.

"ये, भाऊ. इतला लांब उना तू?" त्या लगबगीने उठल्या, पाणी दिलं. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली, वाकून पाया पडलो. "सुखी ऱ्हाय" म्हणाल्या. मग पिशवीकडे बघून त्याच आधी बोलायला लागल्या. "मन्हंच चुकनं. मशीनमा कोनी हळदकुंकू टाकस का? आडानी शे मी. तुले कितलं साफ करनं पडनं व्हई."

घरून निघाल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो. शुद्ध मराठीतली, चांगली वाक्यं. त्यातलं एकही तोंडाला आलं नाही.

"माय," मी म्हणालो, "तो व्हिडिओ मी टाका व्हता."

"मालूम शे." त्यांनी पदर सारखा केला. "त्यामा हसाना आवाज तुना शे. मी समोर बठेल व्हतू, तवय तू हसना नही."

मी जमिनीकडे बघत म्हणालो,

"चुकनं मन्हं. तुन्ही गोठ मी आर्धी कापी टाकी."

"कापी ते कापी. आर्धी ठेवी ती बी खरीच व्हती ना." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "पोरी ब्लाउज टाकाले येतस आठे. त्यास्नी माले दखाडा. म्हने, 'देख वच्छलामाय, कशी येडी बाई शे.' त्यास्ले मालूमच नही ती मीच शे म्हनीसन. आवाज बी वळखा नही, मांगे बाजा वाजी ऱ्हायंता ना." त्या जरा हसल्या. "मंग मी बी हासनू त्यास्नासंगे."

भुसावळमध्ये दीपमाला हसली होती, आणि इथे या हसल्या होत्या. मध्ये मी बसलो होतो, आणि एकीचं दुसरीला सांगता येत नव्हतं.

"म्हणून पूजा नाही केली?"

"कशी करू? पोरी दिनभर येतस-जातस. शिलाई मशीनवर हळदकुंकू देखं तर इचार करतीन. मंग वळखी लेतीन." आणि मग आवाज खाली आणून, "मन्ह्या पोरीस्ले सांगू नको हां, भाऊ. त्या नोकरीवाल्या शेतस. त्यास्ले लाज वाटी."

"नही सांगाव, माय," मी म्हणालो. दोघींनीही माझ्याकडे हेच मागितलं होतं.

मग मला एकच गोष्ट येत होती ती मी केली. त्यांच्या जुन्या टीव्हीला डबा जोडला, डिस्क टाकली, बटण दाबलं. चित्र आलं. रस्ता आला, गाड्या आल्या, आणि ओसरी त्या आवाजाने भरली. वच्छलाबाई टीव्हीकडे बघत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मालकले हाई लाल गाडी आवडे," म्हणाल्या. मी डिस्क काढून घेतली आणि ट्रे तसाच उघडा ठेवला.

"माय, पूजा कर. आज दसरा शे. मी साफ करी देसु, दरसाल येसु साफ कराले."

त्यांनी उघड्या ट्रेकडे बघितलं. मग आत गेल्या. देवापुढचं ताट घेऊन आल्या तेव्हा मला वाटलं, झालं, एवढं तरी झालं. पण ताट खाली ठेवून त्या आधी दाराकडे गेल्या, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं आणि दार लावलं. खिडकीही ओढून घेतली. दसऱ्याच्या दिवशी भर सकाळी, तोरण लावलेलं दार. ओसरीत अंधारून आलं.

खाली बसून त्यांनी बोट कुंकवात बुडवलं. बोट डब्याजवळ नेलं आणि थांबल्या. माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होत्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "तुना मोबाइल बंद शे ना?"

मी मोबाइल खिशातून काढला. बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला तो त्यांना दाखवला आणि लांब, शिलाई मशीनच्या पायाशी, उलटा ठेवला. त्यांनी तो तिथे ठेवलेला नीट बघून घेतला.

मग त्यांनी ट्रेला हात लावला नाही. बटण दाबून तो आत जाऊ दिला. डबा दोन्ही हातांनी उचलून उलटा केला आणि खालच्या अंगाला, रबराच्या दोन बुचांच्या मध्ये, जिथे ठेवल्यावर कोणाला दिसणार नाही तिथे, कुंकवाचं एक बोट लावलं. डबा सरळ करून होता तसा ठेवला, हात जोडले. बोट पदराला पुसलं आणि दार उघडायला उठल्या.